वाहनाची ऋतुचर्या

‘ऋतुचर्या’ हा शब्द या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून जो काळ होतो, त्याला तेथे ‘ऋतुसंधी’ म्हटले आहे. या काळात जुन्या ऋतूचा आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा आणि नव्याचा क्रमाक्रमाने स्वीकारावा, असा त्यातील उपदेश आहे. शरीराला लागू असलेले हे शहाणपण थोड्या फरकाने आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीलाही लागू पडते. फरक एवढाच की शरीर आपली झीज काही अंशी आपणच भरून काढते. गाडीला ती सोय नाही. तिची झीज भरून काढायची ती तिच्या मालकानेच, आणि तीही वेळेवर.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. जोयडा तालुक्यात राहणारा माणूस मात्र तो विचारणार नाही.

रस्ता हाच दवाखान्याचा पहिला उंबरठा

आपला हा तालुका क्षेत्रफळाने मोठा आणि लोकवस्तीने विरळ आहे. काळी नदी येथेच, डिग्गीच्या परिसरात उगम पावते. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला उभी राहिली. उरलेली गावे आणि वाडे अरण्यात विखुरलेले आहेत. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ हे नाव मिळाले. कुंभारवाडा, उळवी, अणशी, कॅसलरॉक, अनमोड ही नावे पर्यटकाला रमणीय वाटतात, आणि ती आहेतच. परंतु याच गावांतून मध्यरात्री अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी किंवा छातीत कळ आलेला वृद्ध दवाखान्यात पोहोचवायचा असतो, तेव्हा त्या रमणीयतेचे अंतरात रूपांतर होते. पुढील उपचारासाठी दांडेली, कारवार, बेळगाव, हुबळी किंवा गोव्यातील बांबोळी गाठावे लागते आणि त्यातल्या कित्येक वाटा घाटाच्या किंवा दाट रानाच्या आहेत.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ साली सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. तथापि जेथे भ्रमणध्वनीला संपर्कच मिळत नाही, त्या वाड्यावरचा माणूस प्रथम शेजारच्या जीपवाल्याचे दार ठोठावतो. ती जीप, ती जुनी ओम्नी किंवा गावातल्या मास्तरांची छोटी मोटार हीच त्या रात्रीची रुग्णवाहिका असते. तिची बॅटरी उतरलेली असेल, स्टेपनीत हवा नसेल किंवा वायपर नुसताच काचेवर पाणी पसरवीत असेल, तर दवाखान्यातील उत्तमातले उत्तम औषध रुग्णापर्यंत वेळेत पोहोचणार नाही. सर्पदंशात आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला तातडीने प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात न्यावे, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ‘तातडीने न्यावे’ या दोन शब्दांत गाडीची देखभाल गृहीत धरलेली आहे, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

एका वैद्याने मांडलेले कोष्टक

अपघात म्हणजे दैवाचा घाला, ही समजूत मोडून काढण्यात एका डॉक्टरचाच मोठा वाटा आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅडन हे साथरोगशास्त्राचे जाणकार १९६६ साली त्या देशाच्या महामार्ग सुरक्षा विभागाचे पहिले प्रमुख झाले. रोगाचा विचार करताना आपण जसा रोगी, रोगकारक आणि परिसर असा विचार करतो, तसाच त्यांनी अपघाताचा केला. माणूस, वाहन आणि परिसर हे तीन घटक, तसेच अपघातापूर्वी, अपघातसमयी आणि अपघातानंतर या तीन अवस्था, असे त्यांचे कोष्टक आजही जगभर शिकवले जाते.

या कोष्टकातला ‘परिसर’ आपल्या हाती फारसा नाही. आपल्याच जिल्ह्यात १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर कोसळला आणि माणसांसह वाहने गडप झाली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर कारवारजवळचा काळी नदीवरील जुना पूल ढासळला आणि एक मालट्रक नदीत पडला. चालकाला वाचवण्यात यश आले, एवढेच समाधान. दरड कधी कोसळेल, पूल कधी खचेल हे सामान्य वाहनधारकाला कळणे कठीण. परंतु ‘माणूस’ आणि ‘वाहन’ हे दोन रकाने सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहेत. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. एखाद्या साथीने एवढे बळी घेतले असते, तर आपण लसीकरणाची मोहीम काढली असती. वाहनाची ऋतुमानानुसार तपासणी ही त्या लसीकरणाचीच एक मात्रा होय.

मृगापूर्वीची सिद्धता

आपल्याकडे खरा ऋतुसंधी मे महिन्याच्या अखेरीस येतो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी घर शाकारतो, सरपण आत घेतो, औतफाटा दुरुस्त करतो. त्याच यादीत गाडी असावी.

पहिला मान टायरचा. गाडीचा आणि पृथ्वीचा संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिकाणी, आणि सगळी सुरक्षितता त्या चार तळव्यांवर उभी असते. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. त्यांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे कायद्यानेही आवश्यक ठरते. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. आपल्या पावसाचा विचार करता त्या मर्यादेपर्यंत थांबूच नये, कारण खाचा उथळ झाल्या की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि मग स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी कमी फिरली तरी रबर वयाने कडक होतेच. हवा टायर थंड असताना तपासावी, कंपनीने चालकाच्या दाराजवळ लावलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी आणि स्टेपनीला विसरू नये.

दुसरा मान ब्रेकचा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. अणशी किंवा अनमोडचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की ब्रेक तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागू लागते. म्हणून हे तेल साधारणपणे दोन वर्षांनी बदलून घ्यावे. घाट उतरण्याचा जुन्या चालकांचा नियमही विसरू नये: ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनाचा आवर गाडीला बसला, की ब्रेकला विश्रांती मिळते. उतारावर गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवण्याचा मोह हा आत्मघातच होय.

तिसरा मान दृष्टीचा. एप्रिल-मेच्या उन्हात वायपरचे रबर कडक होते आणि पहिल्याच सरीला काचेवर रेघा उमटतात. थोड्या पैशांत मिळणारी ही वस्तू दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. काचेवर पाणी उडवणाऱ्या टाकीत स्वच्छ पाणी भरावे. पुढचे, मागचे, ब्रेकचे आणि वळण दाखवणारे सर्व दिवे पेटतात की नाही, हे एका माणसाला बाहेर उभे करून तपासावे. पावसात आपल्याला दिसणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपण दुसऱ्याला दिसणेही.

चौथा मान बॅटरीचा. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. ज्या बॅटरीत पाणी घालायची सोय आहे, तीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे तिच्याजवळ काडी ओढून पातळी पाहण्याचे धाडस करू नये.

आषाढ-श्रावणातील पथ्ये

तालुक्याच्या पश्चिम अंगाला कॅसलरॉक, अणशी भागात जो पाऊस कोसळतो, त्याची कल्पना पूर्वेकडे हल्याळच्या बाजूला राहणाऱ्यालाही सहसा येत नाही. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागते. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोळ्याने पाहिल्यापासून पायाने ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपून जाते. म्हणून पुढच्या गाडीपासूनचे अंतर पावसात दुप्पट ठेवावे.

फरशी पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल, तर पथ्य एकच: थांबावे. फूटभर खोलीचे वाहते पाणी लहान मोटारीला तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, आणि जोर करताच आतला दांडा वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी व मेकॅनिकला बोलवावे. उथळ पाण्यातून सुखरूप बाहेर आल्यावर हळू चालवीत ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबून कोरडे करून घ्यावेत.

काचेवर आतून वाफ धरली, तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा वातानुकूलन यंत्र चालू करून झोत काचेकडे वळवावा. हवेतील ओलावा शोषला जातो आणि काच स्वच्छ होते. धुक्यात उंच झोताचा दिवा लावल्यास समोर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून खालचा झोत वापरावा. रात्री रानातून जाताना वेग कमी ठेवावा, कारण गव्यासारखा प्रचंड प्राणी वळणावर अचानक समोर येतो आणि झोताने दिपून जागीच उभा राहतो. तो रस्ता मुळात त्याचा आहे, याचे भान असावे.

पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर येतात, वायरी कुरतडतात, आणि उंदराच्या मागे कधी सापही येतो. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात आणि आठवड्यातून एकदा ते उघडून पाहावे. काचेखालच्या जाळीत साठलेला पालापाचोळा काढला नाही, तर पाणी तुंबून गाडीच्या आत झिरपते.

खंडेनवमीची खरी पूजा

पाऊस ओसरला की नवरात्र येते आणि खंडेनवमीला आपल्याकडे घरोघरी वाहनांची पूजा होते. गाडी धुतली जाते, झेंडूच्या माळा पडतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ही परंपरा सुंदर आहे. तिला थोडा अर्थ आपण अधिक द्यावा. त्या दिवशी गाडी वरून धुतली जाते तशी खालूनही धुवावी. चार महिन्यांचा तांबडा चिखल चाकांच्या कमानीत आणि तळाशी चिकटून राहिला, तर तो ओल धरतो आणि पत्रा आतून गंजू लागतो. ब्रेकचे लायनर, सस्पेन्शनची रबरे, सायलेन्सर यांची पाहणी करावी. खड्ड्यांतून गेलेल्या गाडीचे व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो तिने बोलून दाखवलेला आजारच समजावा.

लक्षणांवरून निदान करण्याची सवय असलेल्या आपल्या व्यवसायाला ही भाषा सोपी जावी. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर इंजिन तेल जाळत आहे. काळा धूर असेल, तर इंधन अधिक आणि हवा कमी पडते, म्हणून एअर फिल्टर पाहावा. गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर कूलंट आत जात आहे. इंजिन ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. ब्रेक लावताना किंचाळीसारखा आवाज आला, तर पॅड झिजले आहेत. ताप दडपण्यासाठी गोळी द्यावी तसा रेडिओचा आवाज वाढवून हे आवाज दडपू नयेत.

शिमग्यानंतरचा उन्हाळा

होळी सरली की तांबड्या धुळीचे दिवस येतात. एअर फिल्टर झटकून स्वच्छ करावा किंवा बदलावा. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता योग्य प्रमाणात कूलंट घालावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. भाजलेला चेहरा घेऊन येणारे रुग्ण आपण पाहिलेलेच असतात.

येथे डॉक्टरांनी दोन धोके आवर्जून लोकांना सांगावेत. पहिला कूलंटचा. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारी आम्ले मूत्रपिंड निकामी करतात. सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेले कूलंट लहान मुलाच्या हाती लागणे म्हणजे अनर्थाला निमंत्रण. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून बंद काचांच्या गाडीत झोपण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो. सायलेन्सर गळका असेल, तर धोका आणखी वाढतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता दिसू लागल्या आहेत. त्यांना इंजिन ऑइल लागत नाही. परंतु टायर, ब्रेक, वायपर आणि दिवे यांची पथ्ये त्यांनाही तीच.

चालक हाही वाहनाचाच भाग

गाडी निरोगी असून चालक रोगी असेल, तर उपयोग नाही. आसन असे असावे की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ टेकलेली असावी आणि डोक्यामागची उशी डोक्याच्या मध्याच्या उंचीला असावी, म्हणजे मागून धक्का बसल्यास मान वाचते. पावसाळ्यातील सर्दीवर दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांनी गुंगी येते. औषध लिहून देताना ‘तुम्ही गाडी चालवता का?’ हा एक प्रश्न विचारावा.

सीटबेल्ट मागच्या आसनावरही बांधणे नियमाने बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही दगावले आणि पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, रस्ता राष्ट्रीय महामार्ग होता. नव्हता तो फक्त पट्टा.

एक सूचना

आपल्या संस्थांतर्फे नेत्रतपासणी, मधुमेह, रक्तदान अशी शिबिरे होत असतात. त्यांच्या जोडीला दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाहनतपासणीचे एक शिबिर व्हावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. खर्च फारसा नाही. परिसरातील दोन-तीन अनुभवी मेकॅनिक, हवेचा एक मापक, बॅटरीचा एक मापक आणि प्रत्येक गाडीसाठी एक ‘केसपेपर’, एवढ्यावर ते भागेल. त्यात टायर, ब्रेक, वायपर, दिवे, बॅटरी, स्टेपनी व जॅक, प्रथमोपचार पेटी आणि विमा यांच्या नोंदी असाव्यात. गावोगावी अडल्यानडल्याला धावून जाणाऱ्या जीपवाल्यांना यात अग्रक्रम द्यावा. रात्रीअपरात्री ते भाड्याची घासाघीस न करता रुग्ण घेऊन येतात. त्यांच्या गाडीचे आरोग्य सांभाळणे हे आपलेही कर्तव्य आहे.

वैद्यकात प्रतिबंधाला यश आले की ते दिसत नाही. जो रोग झालाच नाही, त्याचे आभार कोणी मानीत नाही. वाहनाच्या देखभालीचेही तसेच आहे. श्रावणातल्या एखाद्या काळोख्या रात्री कुंभारवाड्याहून निघालेली जीप घाट उतरून वेळेत पोहोचेल, बाळ-बाळंतीण सुखरूप राहतील, आणि मृगाआधी बदललेल्या वायपरची आठवण कोणालाही येणार नाही. ती न येणे हेच आपल्या ऋतुचर्येचे फळ मानावे.